ड्राय बाल्कनीत कंपोस्ट: पावसाळ्याआधी सुरू करायचं की दसऱ्यापर्यंत थांबायचं?

चौथा_मजला | २० एप्रिल, रात्री ९.५०

नवी मुंबईत नेरूळ, चौथा मजला, घरात चार माणसं. ड्राय बाल्कनी सहा फूट बाय तीन, त्यातली दोन फूट वॉशिंग मशीननं खाल्लीत. उरलेल्या चार फुटांत ओल्या कचऱ्याचं खत करायचं आहे. आठवडाभर वजन केलं, रोजचा कचरा ७०० ते ९०० ग्रॅम भरतो. देठं, सालं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, आठवड्यातून दोनदा मासळीचं.

प्रश्न असे. बाल्कनीचं तोंड पश्चिमेला, जूनपासून पाऊस सरळ आत येतो. मग आत्ता सुरू करावं की दसऱ्यानंतर? मातीचे तीनमजली माठ मिळतात ते घ्यावेत की साध्या बादल्या चालतील? आणि ती जिवाणूंची कल्चर पावडर लागतेच का? खालच्या मजल्यावर वास गेला तर सोसायटीच्या ग्रुपवर वरात निघेल, एवढंच भय.

कोपरीकर | रात्री १०.०२

आत्ताच. पाचोळा संपायच्या आत.

टवाळ_टाळ | रात्री १०.०५

वॉशिंग मशीन विका. कपडे खाडीवर.

पानगळ | रात्री १०.४१

कोपरीकरांनी एका ओळीत सगळं सांगितलं, पण नवख्याला ते कळायचं नाही म्हणून सोडवून लिहिते.

खत फसतं ते ओल्या कचऱ्यामुळे नाही, सुकं कमी पडल्यामुळे. भाजीच्या कचऱ्यात ८० टक्के पाणी असतं. नायट्रोजनही भरपूर, म्हणजे कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण (कार्बन नायट्रोजनच्या किती पट) साधारण १५ ते २०. जिवाणूंना ते २५-३० लागतं आणि ओलावा ५० ते ६० टक्के. दोन्ही गोष्टी एकाच वस्तूनं सुधारतात: वाळलेला पाचोळा. तो पाणी शोषतो, कार्बन देतो आणि मधे हवेला जागा ठेवतो. नुसती सालं बादलीत कोंबली की आठव्या दिवशी चिखल. चिखलात हवा शिरत नाही आणि मग जो काही वास सुटतो तो खताचा नसतो, सडण्याचा असतो.

नवी मुंबईत पाचोळा पडतो फेब्रुवारी ते एप्रिल. जूनमध्ये शोधायला जाल तर भिजलेला लगदा मिळेल. सोनमोहर आणि विलायती शिरीष यांची पानं बारीक, ती चुरायचीसुद्धा गरज नाही. जंगली बदामाची पानं मोठी आणि जाड, गोणीत भरून वरून पायानं तुडवा. आंबा-फणसाची पानं मेणचट, ती कुजायला फार वेळ घेतात. मिसळायला ठीक, नुसती नकोत. रस्त्याच्या कडेचा पाचोळा घेतलात तर गुटख्याच्या पुड्या आणि काचा निवडून मगच गोणी भरा.

हिशोबनीस | रात्री ११.१५

आकडे मांडतो. १ किलो कचरा धरा: ८०० ग्रॅम पाणी, २०० ग्रॅम घन. पाचोळ्यात १० टक्के ओलावा. मिश्रण ६० टक्क्यांवर आणायचं तर १ किलोला ४०० ग्रॅम पाचोळा लागतो. पाचोळ्याचं कार्बन-नायट्रोजन प्रमाण ६० धरलं तर मिश्रणाचं ३३ च्या आसपास येतं, म्हणजे तिथेही जमलं. मापानं सांगायचं तर एक डबा ओलं, दोन डबे चुरलेला पाचोळा.

आता पावसाळा. १२० दिवस गुणिले ८०० ग्रॅम म्हणजे ९६ किलो कचरा. त्याला पाचोळा ३८ किलो. तांदळाच्या मोठ्या गोणीत चुरून दाबून ९-१० किलो बसतो. म्हणजे चार गोण्या.

चौथा_मजला | रात्री ११.२०

चार गोण्या? चार फुटांत? मग खत कुठे करू, हॉलमध्ये?

टवाळ_टाळ | रात्री ११.२१

म्हणून म्हटलं मशीन विका.

वखारवाली | २१ एप्रिल, सकाळी ७.३०

गोण्या नको असतील तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा दाबलेला भुसा. ५ किलोची वीट एक फूट लांब-रुंद आणि चार-पाच इंच जाड असते, चार विटा एकावर एक ठेवल्या की दीड फूट उंची. पण एक चूक हमखास होते. कुंड्यांसाठी कोकोपीट भिजवून फुलवतात, तसं इथे करायचं नाही. कोरडंच हातोडीनं फोडा, भुगा करा आणि कोरडाच वापरा. भिजवलेलं कोकोपीट टाकणं म्हणजे पुरात आणखी पाणी ओतणं. कोकोपीट ७० टक्के ओलाव्यालाही मोकळं राहतं, त्यामुळे किलोला १८०-२०० ग्रॅम पुरतं. हिशोबनीस, बरोबर ना? घेताना 'लो ईसी' (कमी क्षार) किंवा 'धुतलेलं' लिहिलेलं बघा, नाहीतर खारट असतं.

दुसरा फुकटचा माल म्हणजे ऑनलाइन खरेदीची खोकी. चिकटपट्टी आणि लेबल काढून पुठ्ठा बोटाएवढ्या तुकड्यांत फाडा. नालीदार पुठ्ठ्यात कार्बन इतका की नायट्रोजनशी प्रमाण पाचशेच्या घरात जातं, म्हणून नुसत्या पुठ्ठ्यावर भागवू नका, काम थंडावतं. एकूण सुक्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत ठीक. अंड्यांचे कागदी ट्रे तर फारच चांगले. चकचकीत मासिकं आणि पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट भाग नको.

लाकडाचा भुसा चालतो, पण तो वखारीतला, अख्खं लाकूड कापल्याचा. फर्निचरवाल्याकडे मिळतो तो प्लायवूड आणि एमडीएफचा, त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. तो भाजीच्या कुंडीत जाऊ देऊ नका. रसवंतीचं चिपाड फुकट मिळतं, पण गोड आणि ओलं असतं. कडक वाळवल्याशिवाय आणलंत तर मुंग्या आणि चिलटं पाहुणी.

हिशोबनीस | सकाळी ८.१०

बरोबर. ९६ किलोला १७-१८ किलो कोकोपीट, म्हणजे साडेतीन विटा. चारच घ्या.

पानगळ | सकाळी ९.२५

कोकोपीटवर माझा आक्षेप नोंदवून ठेवते. खाली सोसायटी पाचोळा झाडून घंटागाडीत भरते, नाहीतर कोपऱ्यात पेटवते, आणि वर आपण दक्षिणेतून ट्रकनं आलेली नारळाची वीट विकत घेऊन सालं कुजवायची. शिवाय कोकोपीट स्वतः फार हळू कुजतं. दोन महिन्यांनी 'खत' म्हणून जे हातात येतं त्यात निम्मं कोकोपीटच असतं. हलकं, दिसायला छान, पण दाणागोटा कमी. दोन गोण्या पाचोळा आणि दोन विटा असा तोडगा काढा. गोण्या मशीनच्या वरच्या फळीवर.

वखारवाली | सकाळी ९.४०

तोडगा मान्य. पण चौथ्या मजल्यावरच्या माणसाला आधी सुरुवात करू द्या, शुद्ध नंतर होऊ.

बादलीबहाद्दर | सकाळी ११.००

माठ की बादली? मातीचे माठ दिसायला देखणे आणि भिंतीतून ओल सोडतात, म्हणून उन्हाळ्यात उत्तम. पावसाळ्यात हवाच ओली, माठ वाळत नाही, बाहेरून बुरशी चढते. शिवाय भरलेला माठ उचलताना कड तुटते. चार फुटांसाठी रंगाच्या २० लिटरच्या चार बादल्या बऱ्या. पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शनच्या घ्या, ऑइल पेंटच्या नको.

आठ मिलिमीटरचा बिट लावून तळापासून दोन इंचांवर पहिली ओळ, मग दर चार इंचांवर एक, अशा तीन ओळी, दोन भोकांत तीन-चार बोटांचं अंतर. तळाला सात-आठ भोकं. ड्रिल सावकाश फिरवा, नाहीतर प्लॅस्टिक वितळून भोक बुजतं. तापवलेल्या सळईनंही होतं पण तो धूर घरात नको. आतून डासांची फायबरची जाळी गुंडाळा. जाळी लावलीच पाहिजे, भोकातून काय काय आत-बाहेर करतं ते पुढे कोणी सांगेलच. बादली फरशीच्या तीन तुकड्यांवर, खाली जुनं ताट.

तळाला तीन इंच भरड माल: काड्या, नारळाच्या शेंड्या, मक्याच्या कणसाची वाळलेली बुरकुंडं. मग रोजचं. कचरा इंचभर चिरून, त्यावर दुप्पट सुकं, हलकं कालवून पुन्हा वरून इंचभर सुकं. झाकण उघडल्यावर साल दिसता कामा नये. हा एक नियम पाळला तर निम्म्या तक्रारी होतच नाहीत. आठवड्यातून दोनदा खुरप्यानं तळापासून वर खाली करायचं. नुसतं वरचं ढवळणं म्हणजे चहात साखर तळाशी ठेवून वर चमचा फिरवणं.

एक बादली साधारण तीन आठवड्यांत भरते, कारण माल खाली बसत जातो. भरली की बाजूला, दुसरी सुरू. बाजूच्या बादलीला अजून सहा ते आठ आठवडे, तेही आठवड्यातून एकदा हलवत. म्हणून चार बादल्या. भरलेली बादली १२-१५ किलो होते, उचलताना कमरेला जपा.

शंकासुर | दुपारी १.१५

एक मूलभूत शंका. कचरा वेगळा करून घंटागाडीला दिला की तुर्भ्याला महापालिकेच्या प्रकल्पात त्याचं खत होतंच. नवी मुंबईचा २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरा नंबर आला तो काय उगाच? मग घराघरात हे बादल्यांचे संसार कशाला?

पानगळ | दुपारी १.५०

वेगळा करून घंटागाडीला देणं हेही चांगलंच, त्यात कमीपणा नाही. पण विचार करा, ओल्या कचऱ्यात ८० टक्के पाणी. म्हणजे डिझेल जाळून आपण मुख्यतः पाणीच तुर्भ्याला नेतो. शिवाय एका घरानं डायपर ओल्यात टाकला की अख्ख्या ड्रमचं खत बिघडतं. घरच्या बादलीत ती भानगड नसते, काय पडलं ते ठाऊक असतं. ठाण्याजवळ दिवा गावात कचऱ्याचं डम्पिंग होतं, त्याच्या शेजारी राहिलेल्यांना विचारा मिश्र कचरा म्हणजे काय ते.

खाडीकाठ | दुपारी २.०५

अवांतर: तुर्भे दोन आहेत. एक आपलं, कचऱ्याचं. दुसरं खाडीपलीकडचं, ज्याला इंग्रजीत ट्रॉम्बे म्हणतात. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' बायोगॅस संयंत्र विकसित केलं, तेही स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठीच. आधी कचऱ्याची गरम पाणी आणि हवा देऊन पातळ लापशी करायची, मग बंद टाकीत हवेविना कुजवून मिथेन काढायचा. नारळ, हाडं, अंड्याची टरफलं आत चालत नाहीत. मोठ्या कँटीनला ते शोभतं, चार फुटांच्या बाल्कनीला नाही.

गांडूळमामा | दुपारी ३.३०

गांडुळांना कोणीच विचारलं नाही. बादलीपेक्षा खत सरस आणि ढवळायचं काम नाही. आयसेनिया फेटिडा जातीचे पाव किलो घ्या, पसरट क्रेटमध्ये सोडा.

बादलीबहाद्दर | दुपारी ३.५५

मामा, पश्चिमेची बाल्कनी आहे. मे महिन्यात दुपारी तिथलं प्लॅस्टिक हाताला चटका देतं. ३५ अंशांच्या वर तुमची मंडळी एकतर मरतात नाहीतर रात्री रांगेनं स्वयंपाकघरात येतात. शिवाय त्यांना लिंबू, कांदा, तिखट आमटी चालत नाही. मासळी तर नाहीच. बादलीला लिंबाच्या सालांचं काही वाटत नाही.

गांडूळमामा | दुपारी ४.१०

पूर्वेची बाल्कनी असलेल्यांसाठी सांगितलं असं समजा.

चौथा_मजला | सायंकाळी ६.४५

मासळीवर कोणी बोला. कोळंबीची सालं, बांगड्याची डोकी.

सुरमई | सायंकाळी ७.२०

चालतं, पण पद्धत आहे. धुतलेलं पाणी बादलीत नाही, ते कढीपत्त्याला. घरोघरी म्हाताऱ्या तेच करत आल्या आहेत. सालं आणि डोकी बादली निम्मी भरल्याशिवाय टाकायची नाहीत, कारण वर-खाली दोन्हीकडे जाड थर पाहिजे. मधोमध खड्डा करा, चारी बाजूंनी बादलीच्या भिंतीला न टेकता मासळी टाका, वर चार बोटं सुकं. पुढचे आठ-दहा दिवस तिथे ढवळायचं नाही. मूठभरापेक्षा जास्त असेल तर डब्यात घालून फ्रीझरमध्ये, दोन-तीन हप्त्यांत टाका. कोळंबीचं साल सावकाश कुजतं, चाळताना तुकडे राहतात, ते पुढच्या बादलीत. बांगड्याचे काटे मऊ होतात, सुरमईचा मणका मात्र वर्षभर तसाच. पहिल्या दोन महिन्यांत मासळी टाकूच नका, आधी हात बसू दे.

टवाळ_टाळ | सायंकाळी ७.३१

मणक्याच्या बाबतीत सुरमईचा शब्द अंतिम.

शेवंती | रात्री ८.००

चिलटांचं सांगा. केळ्याच्या सालावर दुकानातूनच अंडी येतात. साल टाकलं की आठवड्यात थवा.

पानगळ | रात्री ८.३५

बरोबर, अंडी सालावरच असतात. म्हणून केळं आणि आंबा उघडे ठेवायचे नाहीत, मधे पुरायचे. थवा झालाच तर तीन दिवस नवीन काही न टाकता वर दोन इंच कोरडा पाचोळा, आणि शेजारी वाटीत थोडं व्हिनेगर, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो, चिलटं बुडतात. निंबोळी पेंड मूठभर मिसळली तर फायदा होतो. राख मात्र जपून: चुलीची राख अल्कधर्मी, जास्त झाली की नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो आणि डोळे चुरचुरतात.

अळ्यांचं वेगळं. पांढऱ्या, गुळगुळीत, एका टोकाला निमुळत्या असतील तर घरमाशीच्या, म्हणजे वरचा थर कमी पडलाय. करड्या, चपट्या, वळ्या-वळ्यांच्या, दोन सेंटिमीटरपर्यंत वाढणाऱ्या असतील तर ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. त्यांना घाबरू नका. मोठी माशी गांधीलमाशीसारखी दिसते पण चावत नाही, अन्नावरही बसत नाही. अळ्या कचरा झपाट्यानं संपवतात. त्रास एवढाच की मोठ्या झाल्या की काळपट होऊन कोरडी जागा शोधायला भिंतीवर चढतात. जाळी म्हणूनच. त्या फार झाल्या तर समजा बादली ओली आहे.

बादलीबहाद्दर | रात्री ९.१०

वासाचंही उरकून टाकू. नाकात झणझणलं तर अमोनिया, नायट्रोजन जास्त, पुठ्ठा किंवा पाचोळा घाला. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा संपली, बादली परातीत उपसा, मोकळी करा, सुकं मिसळून पुन्हा भरा. आंबूस, ताडीसारखा वास म्हणजे फळं किंवा शिळा भात जास्त पडला, दोन दिवस थांबा. ओलाव्यासाठी मूठ: मिश्रण घट्ट पिळलं की एक-दोन थेंब दिसावेत. धार लागली तर ओलं. मूठ उघडल्यावर भुगा झाला तर कोरडं, तेव्हा पाणी शिंपडा. मे महिन्यात हेच जास्त होतं, लोक 'कुजतच नाही' म्हणतात आणि बादली तहानेनं मेलेली असते.

गुळताक | रात्री ९.४४

कल्चर पावडरऐवजी आंबट ताक आणि गूळ. दोन चमचे ताक, सुपारीएवढा गूळ, अर्धी वाटी पाणी.

हिशोबनीस | रात्री १०.००

ताकातले जिवाणू आम्ल करणारे. कचऱ्यावर लागणारे जिवाणू सालावर आधीच बसलेले असतात. पावडरच्या पाकिटात बरेचदा मुख्य माल भुसा किंवा कोकोपीटच असतो, आणि गुण येतो तो त्या सुक्याचा. तयार खताची एक मूठ हे सगळ्यात खात्रीचं विरजण.

गुळताक | रात्री १०.०६

पहिल्या बादलीला तयार खत आणणार कुठून? दूध आधी की दही आधी?

पानगळ | रात्री १०.१५

वडापिंपळाखालची मूठभर माती. किंवा इथल्याच कोणाकडून खताची वाटी, शेजारणीकडून विरजण मागतात तशी.

घोडबंदर_१२० | २२ एप्रिल, सकाळी १०.२०

घुसखोरी करतोय. घोडबंदर रोड, १२० फ्लॅट. समितीला एका विक्रेत्यानं २४ तासांत खत करणारं मशीन दाखवलं आहे. घ्यावं का?

माजी_सेक्रेटरी | सकाळी ११.०५

चोवीस तासांत खत होत नाही. ते मशीन कचरा तापवून, घुसळून वाळवतं. बाहेर येतो तो कोरडा, तपकिरी, सुवासिक भुगा. झाडाला घातला आणि पाणी लागलं की तिथून पुढे कुजायला लागतो: बुरशी, उष्णता, मुळं जळतात. विक्रेत्यासमोरच मूठभर भुगा ओला करून काचेच्या बरणीत बंद करा आणि तीन दिवसांनी बरणी उघडायला त्यालाच बोलवा. भुगा आणखी तीन-चार आठवडे क्रेटमध्ये मुरवणार असाल आणि विजेचं बिल परवडत असेल तर मशीन जागा वाचवतं, एवढंच.

मोठ्या सोसायट्यांनी कचरा आवारातच जिरवावा हे २०१६ च्या घनकचरा नियमांपासून चालत आलं आहे. त्या नियमांतली मर्यादा होती दिवसाला १०० किलोच्या वर कचरा, किंवा बंदिस्त वसाहत ५,००० चौरस मीटरच्या वर. त्यात 'शक्य तेवढं' असे शब्द होते आणि समित्यांचं सगळं प्रेम त्या दोन शब्दांवर.

हिशोबनीस | सकाळी ११.४०

मशीनऐवजी आवारात खताचे हौद बांधायचे तर: १२० घरं गुणिले ६०० ग्रॅम म्हणजे ७२ किलो, आकारानं १६० लिटर. हौद तापतो आणि पाणी वाफ होऊन जातं, म्हणून इथे घरच्यापेक्षा निम्मा पाचोळा पुरतो. कालवून रोज २५० लिटर. माल बसत जातो, सरासरी ४० टक्के उरतो असं धरलं तर १०० लिटर गुणिले ६० दिवस, सहा घनमीटर. म्हणजे एक मीटर लांब-रुंद-खोल असे सहा हौद आणि पलटी मारायला सातवा रिकामा. विटांच्या मधे फटी सोडून बांधा, वर पत्रा, रोज एका माणसाचे दोन तास.

आणि महिन्याला ५०० किलोच्या आसपास खत निघेल. ते कुठे जाणार हे आधी ठरवा. सोसायटीची बाग दोन-तीन महिन्यांत तृप्त होते.

खाडीकाठ | दुपारी १२.१५

हौदाचा तळ काँक्रीटचा करा. मातीचा ठेवलात तर घुशी खालून बिळं पाडतात, आणि एकदा घूस लागली की प्रकल्प बंद करायला लोकांना निमित्त मिळतं. फटींना बारीक लोखंडी जाळी.

शेवंती | दुपारी १२.५०

हौद तापतो म्हणालात, मग बादली का तापत नाही?

हिशोबनीस | दुपारी १.०५

आकार. घनमीटरभर माल स्वतःलाच पांघरूण असतो, आत ५५ ते ६५ अंश होतात. २० लिटरची बादली कडेनं उष्णता सोडते, ४० च्या पुढे क्वचित. म्हणून घरच्या खतात टोमॅटो आणि भोपळ्याच्या बिया जिवंत राहतात आणि कुंडीत न लावलेला भोपळा उगवतो. रोगट पानंही म्हणून बादलीत नकोत.

याच कारणानं 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या हिरव्या पिशव्या घरी विरघळत नाहीत. त्यांच्यावर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक छापलेलं असतं, ते मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेसाठी. बादलीत अस्तर म्हणून लावू नका.

वखारवाली | दुपारी १.३०

डिप चहाच्या काही पिशव्यांतही प्लॅस्टिकची जाळी असते, फाडून चोथाच टाका. निर्माल्यातला दोरा आणि जर काढा, दोरा खुरप्याला गुंडाळतो. आणि सुक्या कचऱ्याचं चाललंच आहे तर: दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, लटकता ठेवा. तो इवला तुकडा कोणी वेचत नाही, थेट गटारात जातो. पिशवी धुऊन वाळवलेली असेल तर भंगारवाला घेतो. वेफर्सची चंदेरी पाकिटं तो घेत नाही, ती मुळात कमी आणणं एवढंच हातात.

चौथा_मजला | रात्री ९.१५

मूळ प्रश्नाकडे येतो. १ मेला पहिली बादली. दोन गोण्या पाचोळा, दोन विटा कोकोपीट. मासळी जुलैपासून. उरलेली आमटी-भाजी घालू का? आणि पश्चिमेच्या पावसाचं अजून कोणी सांगितलं नाही.

बादलीबहाद्दर | रात्री ९.५०

शिजलेलं अन्न एकूण ओल्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत, तेही निथळून. तेलापेक्षा मिठाची काळजी, ते कुजत नाही, साठतं, आणि कुंडीतल्या मेथीची पानं कडेनं करपतात.

पावसासाठी तीन गोष्टी. बादल्या मशीनच्या आडोशाला, आतल्या भिंतीकडे सरकवा आणि कठड्याच्या बाजूची भोकं बाहेरून चिकटपट्टीनं बंद करा, बाकी तीन बाजू पुरतात. कठड्याला तिरपा ताडपत्रीचा पडदा, खाली फूटभर मोकळं. तिसरी महत्त्वाची: पावसाळ्यात बाहेरच्या पाण्यापेक्षा आतली वाफ जास्त छळते. झाकणाला आतून थेंब धरतात आणि पुन्हा मालावर पडतात. झाकणाखाली गोणपाटाचा गोल तुकडा ठेवा. तो रोज ओला होतो, बदलून दुसरा ठेवायचा. दोन तुकडे पुरतात, एक आत, एक दोरीवर. दोरीवरचा जुलैत वाळत नाही, मशीनच्या ड्रायरमध्ये फिरवा.

टवाळ_टाळ | रात्री ९.५२

मशीन ठेवा. माझा प्रस्ताव मागे.

चौथा_मजला | रात्री १०.१०

ताटात गळलेलं पाणी कुंड्यांना घालू? त्याला अमृत म्हणतात काही लोक.

पानगळ | रात्री १०.२५

गांडूळपाणी वेगळं, हे वेगळं. हे अर्धकच्चं, आंबट असतं. वीसपट पाण्यात मिसळून मोठ्या झाडाला, कोवळ्या रोपांना नाही. आणि मुळात ते गळतंय म्हणजे सुकं कमी पडतंय.

हिशोबनीस | रात्री १०.४०

तारखा: १ मेला सुरू, २१-२२ मेला भरली, त्यानंतर आठ आठवडे म्हणजे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तयार. पाच मिलिमीटरच्या चाळणीनं चाळा, वरची भरड नव्या बादलीत. कच्चं-पक्कं बघायला एका वाटीत खत, त्यात अळिवाचे दहा दाणे. चार दिवसांत आठ उगवले तर पिकलं. कुंडीत एक भाग खत, तीन भाग माती.

चौथा_मजला | रात्री १०.५५

पाचोळा रविवारी गोळा करतो. सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर सोनमोहर आहेत.

कोपरीकर | रात्री ११.०१

सातच्या आत जा. त्यानंतर झाडूवाले तोच गोण्यांत भरतात.